केनिया की टांझानिया? आधी महिना ठरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत पहिल्यांदाच आफ्रिकेत सफारीला जाणाऱ्यांसाठी एक लेख आला होता. त्यात शेवटी असा सल्ला आहे की केनिया आणि टांझानिया शेजारीशेजारी आहेत, केनियातलं मसाई मारा आणि टांझानियातलं सेरेंगेटी म्हणजे खरं तर एकच जंगल, तेव्हा एवढ्या लांब जातोच आहोत तर आठवड्याभरात दोन्ही देश करून टाकावेत. लेख छान होता, फोटोही सुंदर, पण हा सल्ला वाचल्यावर राहवलं नाही म्हणून लिहितेय. पहिल्यांदा जाणाऱ्याने आठवड्याभरात दोन देश करू नयेत. एकच निवडावा, आणि निवडताना आधी कुठल्या महिन्यात जाणार ते बघावं, मग हातात रात्री किती आहेत ते बघावं, नकाशावर काय शेजारी दिसतंय ते सगळ्यात शेवटी.

नकाशावर दोन्ही चिकटून आहेत हे खरंच आहे, मध्ये कुंपण नाही, विल्डबीस्टचे (शिंगवाल्या, हरणाच्या कुळातल्या मोठ्या प्राण्यांचे) कळप एकाच दिवसात इकडून तिकडे आणि परत इकडे करतात. पण पर्यटकाला तसं जाता येत नाही. पूर्वी सँड नदीजवळून माराहून थेट सेरेंगेटीत जायचा रस्ता होता. 1977 साली ईस्ट आफ्रिकन कम्युनिटी ही इथल्या शेजारी देशांची संघटना मोडली, टांझानियाने सीमा बंद केली, पुढे 1983 मध्ये सीमा उघडली तरी ही वाट मात्र पर्यटकांसाठी बंदच राहिली ती आजपर्यंत. म्हणजे मारामधल्या टेकडीवरून समोर सेरेंगेटी दिसतंय, आणि तिथे पोचायला एक तर पश्चिमेला लेक व्हिक्टोरियाच्या बाजूला जाऊन इसेबानिया-सिरारीच्या चौकीवरून वळसा मारायचा, नाहीतर नैरोबीला परत येऊन नामांगाच्या चौकीवरून टांझानियातल्या अरुशाला जायचं आणि तिथून पुन्हा सगळं उलट वर चढायचं. छोट्या विमानांनीही जाता येतं, पण त्यातही मध्ये उतरून गाडीने चौकी ओलांडून पलीकडे दुसरं विमान पकडायचं असतं, आणि त्याचे पैसे मजबूत लागतात.

नामांगाला काय होतं ते सांगते, कारण पॅकेजच्या कागदावर ते "नामांगामार्गे अरुशाकडे प्रयाण" एवढ्या एका ओळीत संपतं. केनियाची गाडी आणि केनियाचा ड्रायव्हर-गाईड इथेच थांबतात, पर्यटकांना घेऊन टांझानियाच्या पार्कांमध्ये सफारी करायची त्यांना परवानगी नाही. त्यामुळे सगळ्या बॅगा उतरवायच्या, सीटखाली सरकलेले चार्जर आणि दुर्बिणीची झाकणं शोधायची, मग रांगेत उभं राहून एका देशातून बाहेर पडल्याचा शिक्का, दुसऱ्या खिडकीवर आत आल्याचा, बोटांचे ठसे, यलो फिव्हरचं कार्ड, आणि मग पलीकडे वेगळी गाडी आणि वेगळा माणूस. ज्याला चार दिवसांत कळलेलं असतं की यांना पक्ष्यांची आवड आहे, आजींना फार धक्के सहन होत नाहीत, धाकट्याला मागे बसलं की उलटी होते, तो हात हलवून परत जातो आणि नव्या माणसाला हे सगळं पहिल्यापासून सांगायचं. सफारीत खरी भट्टी जमते ती गाईडशी, आणि ती जमायला दोन-तीन दिवस लागतातच. शिवाय जंगलात बघायचा वेळ म्हणजे सकाळी सहा ते दहा आणि दुपारी चारनंतर अंधार पडेपर्यंत. सीमेच्या दिवशी हे दोन्ही वेळ रस्त्यावर जातात. आठवड्यातून येणं-जाणं वजा करा, हा दिवस वजा करा, मग उरलं किती ते बघा.

व्हिसाचंही तेच. केनियाला 2024 पासून ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची आगाऊ परवानगी, काढावा लागतो, टांझानियाचा व्हिसा वेगळा, भारतीय पासपोर्टवर 50 डॉलर. पुष्कळ जणांना वाटतं की ईस्ट आफ्रिका टुरिस्ट व्हिसा काढला की झालं, पण तो केनिया, युगांडा आणि रवांडा या तीनच देशांना चालतो, टांझानिया त्यात नाहीये. आणि केनियातून टांझानियात शिरताना यलो फिव्हरची लस घेतल्याचं कार्ड मागतात. ती लस निघायच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते, ऐनवेळी धावपळ करून चालत नाही. केनियाहून भारतात परततानाही ते कार्ड लागतं, तेव्हा ते पासपोर्टमध्येच ठेवलेलं बरं.

आता महिन्याकडे येते, माझ्या मते सगळं इथेच ठरतं. लोकांच्या डोक्यात मायग्रेशन, म्हणजे प्राण्यांचं स्थलांतर, म्हणजे नदी ओलांडणारे कळप एवढंच चित्र बसलंय, पण ते वर्षभर चालणारं चक्र आहे, पावसामागे आणि गवतामागे फिरणारं. विल्डबीस्ट 13 लाखांच्या आसपास धरले जातात, सोबत लाखांनी झेब्रे आणि गझेल, आणि वर्षातला मोठा काळ हे सगळे टांझानियातच असतात, केनियात साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर. त्यामुळे फेब्रुवारीत जाणारा माणूस मायग्रेशनसाठी मारा घेत असेल तर त्याला कोणीतरी आधी थांबवायला हवं. मारामध्ये तेव्हाही सिंह, चित्ते, हत्ती सगळं मिळेल, ते वर्षभर तिथेच राहणारे आहेत, पण ते मोठे कळप तेव्हा पार दक्षिणेला एन्दुतूच्या मैदानांवर असतात.

आणि एन्दुतूबद्दल मला जरा जास्त बोलायचंय कारण आपल्याकडे त्याचं नावच कोणी घेत नाही. जानेवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत दक्षिण सेरेंगेटी आणि त्याला लागून असलेल्या एन्दुतू भागात विल्डबीस्ट वितात, बहुतेक पिल्लं दोन-तीन आठवड्यांच्या आतच जन्माला येतात. तिथली जमीन ज्वालामुखीच्या राखेची आहे, त्यामुळे आखूड गवतात कॅल्शियम-फॉस्फरस भरपूर, दूध पाजणाऱ्या मादीला तेच हवं असतं, आणि आखूड गवतात शिकारी लांबून दिसतो. एक मादी आमच्या गाडीपासून थोड्याच अंतरावर व्याली होती. पिल्लू ओलं, पाय वाकडेतिकडे, उठतंय पडतंय, पुढचे पाय ताठ झाले की मागचे दुमडतायत, आई नाकाने ढकलतेय, आणि पाच-दहा मिनिटांत ते उभं राहून तिच्या पोटाखाली घुसलं, आणि थोड्या वेळाने कळप हलला तर तेही त्यात धावत होतं. त्याच वेळी लांब तरसं बसलेली, तीही बघतायत. गाडीत कोणी बोलत नव्हतं. एन्दुतूचा भाग सेरेंगेटीला लागून असलेल्या एन्गोरोंगोरो या संरक्षित क्षेत्राच्या हद्दीत येतो, तिथे रस्ता सोडून गाडी नेता येते, सेरेंगेटी पार्कात तसं चालत नाही, त्यामुळे चित्ता शिकारीला निघाला तर त्याच्या मागे योग्य अंतर ठेवून जाता येतं. फेब्रुवारीत सुट्टी मिळत असेल तर माझं उत्तर डोळे मिटून टांझानिया.

जुलै ते ऑक्टोबर हा कोरडा काळ, सगळ्यांना हवा असलेला, आणि इथे दोन्ही देश तुल्यबळ आहेत. मारा नदी केनियातल्या माऊच्या जंगलातून निघून मारामधून सेरेंगेटीच्या उत्तर टोकाला येते आणि पुढे लेक व्हिक्टोरियाला मिळते. म्हणजे नदी ओलांडण्याचं जे दृश्य आहे ते टांझानियातही दिसतं, उत्तर सेरेंगेटीतल्या कोगातेंदेला, त्यासाठी केनियातच गेलं पाहिजे असं काही नाही. पण मी मनापासून सांगते, फक्त त्या क्रॉसिंगवर पहिली सफारी ठरवू नका. कळप काठावर येतो, हजारो प्राणी उभे, तास जातो, दोन तास जातात, पुढचा प्राणी एक पाय पाण्यात घालतो आणि काहीतरी बिनसतं आणि सगळे मागे फिरतात. ते कधी होईल हे तिथे जन्म काढलेला गाईडही सांगू शकत नाही. आणि गर्दीच्या दिवसांत काठावर गाड्यांची अशी रांग लागते की काही वेळा प्राण्यांची उतरायची वाटच अडते, लोक उत्साहात गाडीतून खाली उतरतात, हे बघून मला खरंच वाईट वाटतं. प्राण्यांना जागा मिळाली पाहिजे. ज्यांना जायचंच असेल त्यांनी गाईडला आधीच स्पष्ट सांगावं की आम्हाला मागे उभं राहिलेलं चालेल, घाई करू नका. बरेच गाईड पाहुण्यांच्या दबावामुळेच पुढे घुसतात, हे लक्षात घ्या.

मग जुलै ते ऑक्टोबरमध्ये कुठे, तर आता रात्री मोजा. मसाई मारा रिझर्व्ह 1,510 चौरस किलोमीटरचं, सेरेंगेटी 14,763, जवळजवळ दहा पट. नैरोबीहून गाडीने मारा पाच-सहा तास, विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने पाऊण-एक तास. म्हणजे सकाळी नैरोबी आणि दुपारी सिंह, असं होऊ शकतं. तिकडे अरुशाहून निघालात तर वाटेत एन्गोरोंगोरो करून मध्य सेरेंगेटीत, म्हणजे सेरोनेराला पोचायला चांगला वेळ लागतो, रस्ता कच्चा आणि धुळीचा, आणि कोगातेंदे तर त्याच्याही पुढे उत्तरेला. चार-पाच रात्रीच असतील तर केनिया घ्या, त्यातल्या निदान तीन मारामध्ये काढा. सात किंवा जास्त असतील तर टांझानिया घ्या, कारण तिथल्या नॉर्दर्न सर्किटला तेवढा वेळ दिला तरच मजा आहे, तारांगिरेला कोरड्या दिवसांत नदीकाठी जमणारे हत्तींचे कळप आणि गोरखचिंचेची ती प्रचंड झाडं, मग एन्गोरोंगोरो, मग सेरेंगेटीत निदान तीन रात्री. हे चार रात्रींत कोंबलं की फक्त गाडीच्या खिडकीतून धूळ दिसते.

एन्गोरोंगोरोबद्दल एक सांगायचं राहिलं. तिथल्या क्रेटरच्या, म्हणजे जुन्या ज्वालामुखीच्या प्रचंड खळग्याच्या, कडेवर रात्रीची थंडी चांगलीच असते, जवळपास 2,300 मीटर उंची आहे, लोक आफ्रिका म्हणून सुती कपडे घेऊन येतात आणि कुडकुडतात. सकाळी दार उघडल्याबरोबर खाली उतरावं, सुमारे 600 मीटर उतार आहे, आणि तळाशी काळे गेंडे दिसायची ही उत्तर टांझानियातली सगळ्यात भरवशाची जागा. जिराफ मात्र तिथे खाली नाहीत, तेव्हा ते शोधत बसू नका.

शाळांच्या उन्हाळी सुट्टीत, एप्रिल-मेमध्येच जाता येणार असेल तर मात्र अवघड आहे. तो तिथला मोठ्या पावसाचा काळ. दर उतरलेले असतात, हिरवंगार असतं, गर्दी नसते, पण काळ्या मातीत गाड्या रुततात आणि काही कॅम्प बंदच असतात. अशा वेळी मी केनियाच सांगेन, कारण अंतरं कमी, आणि बदल करायला जागा राहते. शक्य असेल तर सरळ जूनमध्ये ढकला.

खर्चाबाबत एक जुनी समजूत अजून चालतेय की केनिया स्वस्त आणि टांझानिया महाग. ती आता तशीच्या तशी धरून चालणार नाही. मसाई माराची परदेशी प्रौढ पर्यटकांसाठीची फी 2024 पासून जानेवारी ते जून 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर तब्बल 200 डॉलर झाली, माणशी, दिवसाला, आणि हा दिवस म्हणजे सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, 12 तास. सेरेंगेटीची 70 डॉलरच्या आसपास आणि वर 18 टक्के व्हॅट, ती 24 तास चालते, पण पार्काच्या आत मुक्काम केला की रात्रीची वेगळी फी लागते. एन्गोरोंगोरोला 60 आणि व्हॅट, आणि क्रेटरमध्ये उतरायचे गाडीमागे 250 डॉलर अधिक व्हॅट, ते गाडीत दोघे असोत की सहा, तेवढेच. म्हणून टांझानियात सहा जणांचा ग्रुप असला की परवडतं आणि दोघंच असलात की जड जातं. 24 तासांचं गणित ड्रायव्हर लोक फार काटेकोर पाळतात, परतीच्या दिवशी सेरेंगेटीच्या नाबी हिल गेटवर वेळेत पोचायचं म्हणून समोर बिबट्या झाडावर असतानाही गाडी हलवावी लागते, तेव्हा त्याच्यावर चिडू नका, आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवा की उद्या आपली वेळ कितीला संपतेय. पॅकेज घेताना ही सगळी फी आत धरलीय का हे लेखी विचारा. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाला कोटेशन स्वस्त वाटलं आणि तिथे पोचल्यावर कळलं की पार्क फी त्यात नव्हतीच, ती वेगळी भरावी लागली.

केनियाच्या बाजूने मला सगळ्यात भावलेली गोष्ट म्हणजे माराच्या भोवतालच्या कंझर्व्हन्सी. नाबोइशो, ओलारे मोटोरोगी, मारा नॉर्थ ही नावं लक्षात ठेवा. ही जमीन मसाई कुटुंबांच्या नावावर आहे, ते ती भाड्याने देतात आणि त्याचे पैसे थेट त्यांच्याकडे जातात, त्या बदल्यात जमिनीचे तुकडे पाडून कुंपणं घालत नाहीत. तंबूंची संख्या मर्यादित, एका प्राण्यापाशी साधारण पाचच गाड्या, रात्रीची सफारी आणि पायी फिरणं चालतं, जे मुख्य रिझर्व्हमध्ये चालत नाही. महाग पडतं, मान्य आहे, पण त्यात तुम्ही फी भरताय ती तिथे गुरं राखणाऱ्या घरात पोचतेय हे मला फार महत्त्वाचं वाटतं. टांझानियात एन्गोरोंगोरो आणि लोलिओंदो भागात मसाईंना हलवण्यावरून जे चाललंय, 2022 मध्ये लोलिओंदोत सीमा आखताना जो संघर्ष झाला, तेही पर्यटकाने वाचून जायला हवं. त्यामुळे टांझानियाला जाऊच नका असं मी म्हणणार नाही, पण आपण ज्या गवतावर गाडी उभी करतोय तिथे कोणाचं घर होतं हे माहीत असावं. बजेट कमी असेल तर रिझर्व्हच्या पश्चिमेचा मारा ट्रँगल बघा, तो वेगळ्या व्यवस्थापनाकडे आहे आणि गाड्यांच्या बाबतीत शिस्त चांगली आहे.

आणि मारा म्हणजेच केनिया असंही नाही. किलीमांजारो टांझानियात असला तरी त्याच्या पायथ्याशी हत्ती असा जो फोटो सगळ्यांनी बघितलाय तो केनियातल्या अंबोसेलीचा, डोंगर सकाळी लवकर ढग चढायच्या आत बघून घ्यायचा. सांबुरूला जाळीदार नक्षीचे जिराफ, ग्रेवीचे बारीक पट्ट्यांचे झेब्रे आणि मागच्या दोन पायांवर उभं राहून झुडपं खाणारे लांब मानेचे गेरेनुक असतात, हे मारामध्ये दिसत नाहीत. ओल पेजेता या केनियातल्या अभयारण्यात जगातल्या नॉर्दर्न व्हाइट गेंड्यांपैकी शेवटच्या दोन माद्या आहेत, नाजिन आणि फातू, मायलेकी. सुदान नावाचा शेवटचा नर 2018 मध्ये गेला. त्या दोघी शांतपणे चरताना दिसतात आणि थोड्या अंतरावर राखणदार उभे असतात. मुलांना घेऊन जाणार असाल तर हे नक्की दाखवा, त्यांना काही समजावून सांगावं लागत नाही.

दोन्ही देशांत एक गोष्ट सारखी, लॉज कितीही भारी असू दे, दिवसातले आठ-दहा तास गाडीतच जातात. म्हणून लॉजच्या स्विमिंग पूलपेक्षा गाडी कुठली, लँड क्रूझर की व्हॅन, छत वर उचलता येतं का, किती जण बसणार, प्रत्येकाला खिडकी मिळणार का, हे आधी विचारा. छोट्या विमानाने जाणार असाल तर सामान 15 किलोच्या आत आणि मऊ बॅगेत, चाकांच्या कडक बॅगा चढवून घेत नाहीत. प्लास्टिकच्या पिशव्या घरीच ठेवा, केनियात 2017 पासून आणि टांझानियात 2019 पासून बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल निघायच्या बरंच आधी डॉक्टरांना विचारा. शाकाहारी लोकांनी जेवणाची काळजी करायची गरज नाही, नैरोबी आणि अरुशाला गुजराती कुटुंबं पिढ्यानपिढ्या आहेत आणि कॅम्पवाल्यांना आधी सांगितलं की ते व्यवस्थित करतात.

संपादक महोदय, तुमचा लेख वाचून कितीतरी घरांत साठवलेल्या पैशांचं बुकिंग होणार आहे, बहुतेकांचं आयुष्यात एकदाच. म्हणून एक विनंती आहे. पुढच्या वेळी असं काही छापाल तेव्हा लेखासोबत एक चौकट द्या, कुठल्या महिन्यात कळप कुठे असतात त्याची, आणि त्या वर्षीच्या पार्क फीची, मसाई माराची फी घेणारी नारोक काउंटी आणि टांझानियाच्या पार्क खात्याच्या अधिकृत दरपत्रकावरून घेतलेली, कारण हे दर बदलत राहतात आणि जुने आकडे वर्षानुवर्षं फिरत राहतात. आणि जमलं तर माराहून सेरेंगेटीत थेट जाता येत नाही ही दुरुस्ती याच आठवड्यात छापा, जूनपासूनचा सीझन धरणाऱ्यांची बुकिंगं आत्ताच चालू असतात.

कळावे, लोभ असावा.

आपली,
पुरवणीची एक नियमित वाचक